सांडतंय कुठं ते आधी बघू

रघुदादा गेल्याची बातमी मला यापूर्वी दोन वेळा मिळाली होती आणि दोन्ही वेळा ती खुद्द रघुदादानंच दिली होती. पहिल्यांदा आवाज बदलून, नाकात बोलत त्यानं सांगितलं, "रोह्याहून बोलतोय, तुमचे मेहुणे रघुनाथराव आटोपले," आणि मी रडतो की नाही ते ऐकायला फोन कानाला लावून बसला. मी पेणचा माणूस. म्हटलं, "अरेरे, फार वाईट झालं. त्यांची शिडी आता कुणाकडं जाणार?" पलीकडून अशी एक शिवी आली की पुढचा आठवडाभर ती माझ्या फोनमधून थेंब थेंब गळत होती. दुसऱ्या वेळी त्यानं जेमतेम सुरुवात केली तोच त्याच्या बायकोनं, सुलभावहिनीनं, फोन हिसकावून घेतला. "काय नाय झालंय त्यांना भावोजी. समोर बसून पोहे खातायत. दुसरी बशी हाय." वहिनी अशीच बोलते. बशी दुसरी असेल तर दुसरीच म्हणणार. नवऱ्याची अब्रू राखायला एक बशी कमी करावी, असं तिला उभ्या जन्मात कधी वाटलं नाही.

म्हणून या ज्येष्ठात एका सकाळी फोन वाजला आणि पलीकडून वहिनीच म्हणाली, "भावोजी, हे गेले," तेव्हा शंका घ्यायला जागाच नव्हती. माझे हात कोपरापर्यंत शाडूच्या मातीत होते, फोन माझ्या कानाला नलूनं धरला होता. नलू म्हणजे माझी बायको, रघुदादाची सख्खी धाकटी बहीण. तिला मी काहीच सांगितलं नाही. माझ्या तोंडून शब्द फुटत नाही ही घटना तिनं लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिली, आणि तेवढ्यावरून तिला कळलं. दादानं सकाळी उठून चहा घेतला, वहिनीकडं पेपर मागितला आणि ती पेपर घेऊन येईपर्यंत... आटोपलं होतं. रघुदादानं आयुष्यात दुसरं कुठलंही काम इतक्या थोडक्यात उरकलेलं नाही. एरवी नळाचा वायसर बदलायचा तरी त्याला तीन चहा आणि दोन श्रोते लागायचे.

रघुदादा अष्टमीला राहायचा. रोह्याहून कुंडलिकेचा पूल ओलांडला की अष्टमी, आणि पूल ओलांडून कुणालाही विचारलं की रघुदादाचं घर. नोकरी धाटावच्या एका कंपनीत, मेन्टेनन्सला, तीन शिफ्टमध्ये. निवृत्त झाल्यावर माणसं तीर्थयात्रेला जातात, यानं लोकांच्या पन्हळींना वाहून घेतलं. फ्लॅटात राहणाऱ्या वाचकांसाठी सांगतो, पन्हळ म्हणजे छपराचं पाणी झेलून पाइपापर्यंत नेणारी पत्र्याची लांब नाली. आमच्या बाजूला पाऊस पडत नाही, ओतला जातो. त्यामुळे पन्हळ तुंबली की पाणी भिंतीत, भिंतीतून घरात आणि घरातून माणसांच्या संसारात शिरतं. रघुदादा म्हणायचा की पावसात तो पुलावर उभा राहिला तर नुसत्या आवाजावरून अष्टमीतल्या कुठल्या घराची पन्हळ सांडतेय ते सांगू शकतो. एकदा कुंडलिकेला पूर आला तेव्हा म्हणे त्यानं पुलाखालच्या एका दगडावर पान्याचे दोन ठोके दिले आणि पाणी उतरायला लागलं. हे तो पाव्हण्यांना सांगत असताना आतून वहिनीचा आवाज यायचा, "पूर आपोआप उतरला. हे झोपले होते तेव्हा."

आता खरं सांगायचं, आणि मी खरं सांगतोय म्हणजे प्रसंग तसाच आहे, तर रघुदादाचा पहिला अंदाज नेहमी चुकायचा. पुष्कळदा दुसराही. पण चुकतानासुद्धा तो इतक्या खात्रीनं चुकायचा की घरमालकाला वाटायचं, माणूस बरोबर आहे, आपलंच पाणी कुठंतरी चुकतंय. आणि एकदा शिडी लावली की काम झाल्याशिवाय तो ती उचलत नसे. लोक त्याला बोलवायचे ते ह्यासाठी. अचूक सांगणारे पुष्कळ असतात, सांगून निघून जातात. हा चुकत चुकत का होईना, पाणी वाटेला लागेपर्यंत तुमच्या अंगणात उभा असायचा.

आमच्या अंगणात तो ज्या श्रावणात उभा राहिला त्याची गोष्ट मला सांगायची आहे. माझा पेणला गणपतीचा कारखाना. कारखाना म्हटलं की लोकांना धुराडं दिसतं. आमच्याकडं एक पत्र्याची शेड, तिला चिकटून आमचं कौलारू घर, आणि आत भिंतीच्या कडेनं फळ्यांवर बसलेले गणपती. काही प्लास्टरचे, पुष्कळ शाडूचे. शाडूची मूर्ती भट्टीत भाजत नाहीत, ती नुसती वाळलेली माती. रंग लावला की देव दिसते, पाणी लागलं की पुन्हा माती. आणि खेड्यापाड्यांतली जुनी गिऱ्हाइकं मूर्ती नुसती विकत नेत नाहीत, आधी आपल्या घरचा पाट आणून देतात. कुणाचा सागाचा, कुणाचा आजोबांनी फणसाच्या फळीतून करवलेला, मागं घराण्याचं नाव कोरलेलं. त्या पाटावरच त्यांचा गणपती घडवायचा आणि चतुर्थीच्या आधी ते पाटासकट तो डोक्यावरून घेऊन जातात. म्हणजे पाट आमच्याकडं आला की शब्द दिला गेला. तो रिकामा परत पाठवायची वेळ माझ्या वडिलांवर आली नव्हती, त्यांच्या वडिलांवर आली नव्हती. पाट रिकामा परत आला तर त्या घरानं चतुर्थीला काय करायचं, त्याला आमच्याकडं उत्तरच नाही.

आणि त्या श्रावणात घर आणि शेड यांच्या मधली पन्हळ सांडायला लागली. घराचं छप्पर इकडून उतरतं, शेडचं तिकडून, दोन्हींचं पाणी त्या एकाच पन्हळीत. बाहेर सांडली असती तर मी तिच्याकडं बघितलंही नसतं. ती आतल्या बाजूला सांडत होती. भिंतीवरून पाण्याचा पडदा खाली येत होता आणि त्याच भिंतीला शाडूचे गणपती, पाटांसकट, अर्धे रंगलेले. आम्ही ते उचलले. दुसऱ्या भिंतीला जागा संपली तेव्हा घरात आणले. ओट्यावर गणपती, शिलाई मशीनवर गणपती, टीव्हीसमोर गणपती. माझ्या पलंगावर तर एवढे बसले की मी दोन रात्री उभ्यानं झोपलो, आणि तेही एका पायावर, कारण दुसऱ्या पायाच्या जागी उंदीर वाळत होते. तरी सगळे मावेनात. मोठ्या मूर्ती हलवता येत नव्हत्या, ओली माती हलवली की तडा जातो. त्यांच्यावर प्लास्टिक घातलं, तर आतल्या दमटपणानं त्या घामेजायला लागल्या. मी स्वतः शिडीवर चढून पन्हळीत हात घातला, पाला काढला, पाणी तसंच. गावातला एक माणूस आणला, तो वर बघून म्हणाला, "पाऊस जास्त हाय." ते मला माहीत होतं.

नलूनं रोह्याला फोन लावला. "दादा, माझे गणपती विरघळतायत."

"सांडतंय कुठं?" पलीकडून रघुदादा.

"सगळीकडं."

"कशालाच हात लावू नको गो. सांडतंय कुठं ते आधी मला बघू दे. मी येतो शिडी घेऊन."

आता आमच्याकडं शिडी होती. पेणमध्ये शिड्यांचा तुटवडा नाही. पण रघुदादा दुसऱ्याच्या शिडीवर चढत नसे, त्याचं म्हणणं शिडी माणूस ओळखते. म्हणून बांबूची ती लांबलचक शिडी त्यानं रोहा स्टँडवर एसटीत घातली. ती मागच्या काचेपासून ड्रायव्हरच्या खांद्यापर्यंत आली. मधली सगळी माणसं शिडीच्या पायऱ्यांत एकेक अशी बसली, एका बाईनं तर नागोठण्यापर्यंत वरच्या पायरीवर लुगडं वाळत घातलं. कंडक्टरनं विचारलं, "हिचं काय करायचं?" रघुदादा म्हणाला, "तिचं तिकीट नको, ती उभ्यानं येतेय." हे सगळं मला रघुदादानं सांगितलं आहे, तेव्हा वाचकांनी लुगडं वजा करून घ्यावं. बाकी खरं असणार, कारण पेण स्टँडवर शिडी उतरवायला मी होतो आणि अख्खी एसटी तिला हात लावून निरोप देत होती.

आल्या आल्या तो चहा न घेता अंगणात छत्री घेऊन उभा राहिला आणि वर बघत राहिला. हे मात्र त्याचं खरं होतं, बघण्यात तो घाई करत नसे. मला शेजारी उभं करून समजावत होता. "हे बघा भावोजी. टोकाला सांडली तर उतार गेला. मधेच सांडली तर पत्र्याला पोट आलंय. पाइपाच्या तोंडाशी सांडली तर पाइप तुंबला."

"आणि सगळीकडं सांडली तर?"

"सगळीकडं सांडली तर घर विका," असं म्हणून तो शिडीवर चढला. वर गेल्यावर त्यानं खिशातून एक लिंबू काढलं आणि पन्हळीत सोडलं. त्याची ही पद्धत होती. लिंबू तरंगतं, पाणी जिकडं जाईल तिकडं जातं, आणि अडलं तर कुठं अडलं ते दिसतं. लिंबू गडगडत गेलं ते थेट पाइपाच्या तोंडापर्यंत, आणि तिथं गोल गोल फिरत बसलं. आत काही जाईना. आता तुम्ही आम्ही काय म्हणू? रघुदादा वरून म्हणाला, "उतार गेलाय." आणि दुपारपर्यंत त्यानं पन्हळीचं लांबचं टोक उचललं, खाली कौलांचे तुकडे दिले, तारेनं बांधलं. पुढची सर आली. टोकाला सांडायचं थांबलं, पण सगळं पाणी पाइपाच्या बाजूला येऊन दुप्पट सांडू लागलं. रघुदादा खाली उतरला, रुमालानं चष्मा पुसला आणि म्हणाला, "बघा. काबूत आली."

दुसरा अंदाज त्यानं पाल्याचा केला. मी पाला काढला होता, पण माझा पाला काढणं त्याला मान्य नव्हतं. त्यानं पन्हळीतून जांभळाची पानं काढली, कावळ्यानं आणलेलं हाडूक काढलं, पोरांचं बॅडमिंटनचं फूल काढलं, आणि पेशवाईतलं एक नाणंसुद्धा, जे मला दाखवायला खाली आणताना हातातून सटकून परत पन्हळीत पडलं. मग पाइपात वरून सळई घातली. सळई खालपर्यंत गेली आणि टणकन अडली. "तिथं एल्बो असणार," तो म्हणाला, "सळई वळत नाय. पाइप मोकळा हाय." अष्टमीहून वहिनीचा फोन आला. फोन नलूनं स्पीकरवर टाकला.

"झालं का हो?"

"होत आलंय," रघुदादा शिडीवरून.

"म्हंजे नाय झालं," वहिनी म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

तेवढ्यात गागोद्याचे धोंडूकाका आले. गागोदे बुद्रुक म्हणजे पेण तालुक्यातलंच भातशेतीचं गाव. काकांच्या घरचा पाट माझ्या आजोबांच्या काळापासून आमच्याकडं येतो. मूर्ती कुठवर आली ते बघायला ते दर श्रावणात एकदा येऊन जातात, बोलत नाहीत, बघतात आणि जातात. त्यांची मूर्ती मोठी, हलवता न येणाऱ्यांतली. ते आत आले, भिंतीवरचं पाणी बघितलं, पाणी आणि आपला गणपती यांच्यात वीतभर अंतर उरलंय ते बघितलं. काकांनी आपली छत्री उघडली. छपराखाली, कारखान्याच्या आत, गणपतीच्या डोक्यावर धरली आणि ते उभे राहिले.

"काका, बसा तरी," नलू म्हणाली.

"नको. मी हितंच हाय. तुमचं चालू द्या."

आणि आमचं चालू राहिलं. पण आता रघुदादा एकदा त्या छत्रीकडं बघायचा, एकदा भिंतीकडं. बाहेर आभाळ पुन्हा काळं झालं होतं. नलूनं चहा आणला. कप पुढं करता करता ती सहज म्हणाली, "दादा, ह्या बेसिनचा पाइप जातो कुठं?"

"कुठल्या बेसिनचा?"

"ह्या. हात धुवायच्या. पावसाळा लागला तसं त्यातून गढूळ पाणी वर यायला लागलं. सगळा कारखाना घाण व्हायला लागला, म्हणून मी त्याचं भोक बंद केलंय."

"बंद केलंस म्हंजे? बोळा घातलास?"

"बोळा राहतोय कशाला. प्लास्टर ओतलं."

आमच्या घरात हे असंच आहे. बाकीच्या जगात माणसं भोक दिसलं की विचार करतात, आमच्याकडं प्लास्टर ओततात. रघुदादानं कप खाली ठेवला. बेसिनकडं गेला, वाकून खालचा पाइप बघितला, तो भिंतीतून पलीकडं जात होता. मग छत्री न घेता तसाच पावसात मागच्या बोळात गेला. तिथं मोडक्या साच्यांचा ढीग भिंतीला टेकवलेला असतो, तो त्यानं बाजूला सारायला सुरुवात केली. मी मदतीला गेलो. साचे हलले तसा पन्हळीचा उभा पाइप दिसला, आणि त्याच्या कमरेच्या उंचीवर भिंतीतून येऊन त्याला मिळालेला बेसिनचा पाइप दिसला. जोड सुबक होता. कंपनीत शिकलेल्या हाताचा जोड होता. कुठल्याशा भाऊबीजेला रघुदादा आला असताना नलूनं बेसिन हवं म्हटलं आणि त्यानं बोळ खोदत बसण्यापेक्षा ते पाणी पन्हळीच्याच पाइपात सोडून दिलं होतं. ओवाळणीची तीच भेट होती.

साध्या घरात त्यानं काही बिघडलं नसतं. पण आमच्या बेसिनमध्ये प्लास्टरची घमेली धुतात. प्लास्टर पाण्यानं वाहून जात नाही, पाण्यात घट्ट होतं. प्रत्येक मोसमात थोडं थोडं, उभ्या पाइपाच्या तळाला, एल्बोच्या वळणात ते बसत गेलं होतं. वाट बंद झाल्यावर पावसाचं पाणी बेसिनमधून वर यायला लागलं होतं, आम्हाला ते निदान सांगत तरी होतं. नलूनं त्याचं तोंड बंद केल्यावर त्याला वर चढून पन्हळीतून सांडण्याशिवाय मार्गच उरला नाही. भावानं वाट बुजवली आणि बहिणीनं दार लावलं.

रघुदादानं पान्यानं पाइपावर वरून खाली ठोकत आणलं. सगळीकडं पाणी भरल्याचा जड आवाज. तळाशी तर दगडावर ठोकल्यासारखा. तोवर धोंडूकाका मागच्या दारापर्यंत आले होते, छत्री नलूच्या हाती देऊन. त्यांनी जोडाकडं बघितलं आणि विचारलं, "ह्यो पाइप बसवणारा कोन व्हता?"

मी पावसाकडं बघू लागलो. नलू आतून छतावर काहीतरी शोधू लागली. रघुदादानं पाना खिशात घातला. मग म्हणाला, "हुशार माणूस व्हता काका. पण घाईत व्हता. आत जेवण थंड होत होतं."

काका म्हणाले, "मंग काप."

त्यानं करवत लावली. एल्बोच्या वर पाइप अर्धा कापला असेल नसेल, तोच आतलं पाणी फुटलं. एका छपराचं नव्हे, दोन्ही छपरांचं, त्या उभ्या पाइपात साठलेलं. मी शपथेवर सांगतो, रघुदादा त्या धारेनं उचलला जाऊन बोळाच्या टोकाला गेला आणि तिथून चालत परत आला. वर पन्हळीनं म्हशीनं हौदातलं पाणी ओढावं तसा आवाज काढला, आणि सर्वांत शेवटी पाइपातून ते लिंबू बाहेर आलं, धुऊन स्वच्छ झालेलं. आत नलू ओरडून सांगत होती की भिंतीवरचं पाणी थांबलं. धोंडूकाका आत गेले, आपल्या मूर्तीच्या पायाशी हात लावून पाट कोरडा आहे ते बघितलं, छत्री मिटली आणि एसटी पकडायला निघून गेले. चतुर्थीच्या आधी ते पाट घेऊन गेले. सगळेच पाट गेले, सगळ्यांवर गणपती होता. आमचे काही उंदीर तेवढे विरघळले. उंदीर पुन्हा करता येतात.

बेसिनला रघुदादानं वेगळा पाइप दिला, वेगळा खड्डा दिला, आणि खड्ड्यात प्लास्टर बसेल असा एक डबा ठेवला जो उचलून रिकामा करता येतो. तो डबा आम्ही अजून रिकामा करतो. पन्हळ त्यानंतर सांडली नाही, आजही हे लिहिताना आषाढाचा पाऊस तिच्यातून मुकाट्यानं चाललाय. पण मला सांगायचंय ते कापलेल्या एल्बोबद्दल. रघुदादानं तो ठोकून फोडला तेव्हा आतून प्लास्टरचा घट्ट गोळा निघाला. गोळा नव्हे, वळण निघालं. जाड, बाकदार, खाली निमुळतं, आणि आडवं कापल्यासारखे त्यात पट्टे... एक पांढरा, एक गुलाबी, एक पिवळा, जसे आमचे रंग प्रत्येक मोसमात धुतले गेले तसे. हुबेहूब सोंड. माझ्या कारखान्यात इतक्या सोंडा घडल्या, पण एवढी देखणी एकही नाही, आणि ही कुणी घडवलीच नव्हती. मी हात पुढं केला. रघुदादानं ती नलूच्या जुन्या टॉवेलात गुंडाळली आणि म्हणाला, "ही माझी."

अष्टमीच्या घरात बाहेरच्या खोलीत काचेचं कपाट आहे, कंपनीकडून मिळालेलं घड्याळ आणि कपबशा ठेवलेलं. घड्याळ वरच्या कप्प्यात गेलं आणि मधोमध सोंड आली, खाली विणलेला रुमाल. येणारा प्रत्येक माणूस विचारायचा, हे काय, आणि रघुदादा सांगायचा. गोष्ट तीच, पेणची पन्हळ, विरघळणारे गणपती, छत्री धरलेला म्हातारा. फक्त त्या गोष्टीत एक प्लंबर आला, ज्यानं मूर्खासारखा जोड दिला होता आणि ज्याची चूक रघुदादानं नुसत्या लिंबावरून पकडली. पहिल्या वर्षी हा प्लंबर पेणचा होता. पेणची माणसं यायला लागली तसा तो पनवेलला गेला. पुढं मुंबईचा झाला, मग गुजरातचा. शेवटची काही वर्षं तो जर्मनीचा होता, मोठ्या कंपनीत कामाला आलेला, आणि त्यानं जर्मन पद्धतीनं जोड दिला होता जो कोकणच्या पावसाला चालत नाही. हे ऐकताना मी मान हलवायचो, कारण चांगल्या गोष्टीत आडवं जाणं मला जमत नाही. पण स्वयंपाकघरातून दर वेळी, एकदाही न चुकता, वहिनी सांगायची, "तो प्लंबर हेच." आणि रघुदादा पाव्हण्यांकडं वळून हळूच म्हणायचा, "हिला जर्मन दिसला नाय. ही रोह्याला होती."

गेल्या आठवड्यात मी आणि नलू अष्टमीला गेलो. दिवस झाल्यानंतर माणसांची रीघ कमी होते, तेव्हा जावं म्हटलं. नलू आत वहिनीचे डबे आवरत होती. मी बाहेरच्या खोलीत बसलो होतो. ती खोली रघुदादाशिवाय एवढी मोठी असेल असं मला वाटलं नव्हतं... तो असताना तिथं तिसऱ्या माणसाला जागा नसायची. रघुदादाच्या कंपनीतला एक तरुण इंजिनिअर भेटायला आला. तो दादा निवृत्त झाल्यानंतर नोकरीला लागलेला, पण सगळ्यांनी नाव ऐकवलेलं म्हणून आला. वहिनीनं चहा आणून ठेवला आणि ती पलंगाच्या कडेला बसली. तो इकडं तिकडं बघत होता, तसं त्याचं लक्ष कपाटाकडं गेलं.

"काकू, हे काय आहे?"

मी वहिनीकडं बघितलं. हात मांडीवर ठेवून ती कपाटाकडं बघत होती. चहावर साय धरली. मला वाटलं आता मीच सांगावं.

"पेणला ह्यांच्या कारखान्यात पन्हळ तुंबली होती," माझ्याकडं बोट करून वहिनी म्हणाली. "तिच्यातनं निघालं. एका प्लंबरनं चुकीचा जोड दिला होता. तो आमच्या ह्यांनी पकडला. नुसत्या लिंबावरनं."

"कुठला प्लंबर होता?" त्या पोरानं विचारलं, नुसतं काहीतरी विचारायचं म्हणून.

वहिनीनं पदर सारखा केला.

"जर्मनीचा."

पोरानं माझ्याकडं बघितलं. आतल्या डब्यांचा आवाज थांबला होता.

"व्हय," मी म्हटलं. "मी होतो ना तिथं. उंच माणूस. मराठी अजिबात येत नव्हतं त्याला."

"थोडं थोडं यायचं, भावोजी," वहिनी म्हणाली.